कानोला (नायजेरिया) जातोय, मुलगी सोळा महिन्यांची. तिकडे पावसाळ्यात घरोघरी देतात त्या मलेरियाच्या गोळ्या तिला द्यायच्या का?

मांजरीची_सून

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

नवऱ्याला कंपनी कानोला पाठवतेय. उत्तर नायजेरिया. प्लास्टिकच्या कारखान्यात मेंटेनन्सचं काम, करार दोन वर्षांचा, कुटुंब नेता येतं. तो जूनअखेर जाणार, मी आणि मुलगी मागोमाग जुलैत. मुलगी सोळा महिन्यांची, वजन साडेनऊ किलो, आतापर्यंतच्या लशी वेळच्या वेळी झाल्यात.

तिथे एक गुजराती सहकारी बायकामुलांसह राहतो. तो नवऱ्याला फोनवर म्हणाला, काही काळजी करू नका, पावसाळ्यात दर महिन्याला सरकारची माणसं दारात येतात आणि पाच वर्षांखालच्या पोरांना मलेरियाच्या गोळ्या पाजून जातात, फुकट. आजारी नसलेल्या पोरांना! हे ऐकून सासूबाईंनी कपाळावर हातच मारला. म्हणाल्या, "धडधाकट लेकराला औषध कशाला? इथनं क्लोरोक्विनचं पाकीट ने, ताप आला तर दे." सासरे म्हणतात, "मलेरियाची लस आपल्या सिरममध्येच बनते, तीच टोचून घ्या की." आम्ही पुण्याजवळ मांजरीत राहतो, सिरम या लस बनवणाऱ्या कंपनीच्या बसेस रोज घरासमोरून जातात, त्यामुळे त्यांना ती लस घरचीच वाटते.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं तर "तिकडचं तिकडे गेल्यावर विचारा" एवढंच उत्तर मिळालं. पण तिकडे गेल्यावर विचारून उशीर नाही का होणार? या गोळ्या नक्की कसल्या असतात? आमच्या मुलीला चालतील का? आणि लशीचं काय? तिकडे राहिलेलं कोणी असेल तर कृपया सांगा.

पेठेतला_एक

मुलीला नेऊच नका. नवऱ्याला पाठवा, दोन वर्षं पैसे साठवा, मग फ्लॅट घ्या. (प्रश्न हा नव्हता, माहीत आहे.)

न्यायचंच असेल तर संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर आणि रात्री ओडोमॉस. आमच्या लहानपणी कोण गोळ्या खात होतं?

जुना_कानोकर

पेठेतल्यांनी प्रश्न वाचायच्या आत उत्तर दिलंय. चालायचंच. धुरानं डास तासभर बाजूला होतात आणि सोळा महिन्यांचं पोर खोकून बेजार होतं, एवढंच सांगतो.

मी कानोत बरीच वर्षं काढली, शारडा भागातल्या एका कारखान्यात. आता कोथरूडला निवांत आहे. डॉक्टर नाही, तेव्हा मात्रा माझ्याकडून घेऊ नका, पण तुम्ही म्हणता त्या गोळ्या पाजताना मी समोर उभा राहून पाहिलंय. आमच्या कंपाउंडचा रखवालदार फाटकाशेजारच्या दोन खोल्यांत बायकामुलांसह राहायचा, त्याची धाकटी दोघं त्या वयाची होती.

आधी तिथला पाऊस समजून घ्या. कानो सहाराच्या खालच्या कोरड्या पट्ट्यात येतं. पाऊस जून ते सप्टेंबर, लांबला तर ऑक्टोबरचे पहिले दिवस. मग थेट पुढच्या मे-जूनपर्यंत आभाळ कोरडं. मलेरियाही पावसासोबत येतो आणि जातो. वर्षातले बहुतेक रुग्ण याच चार महिन्यांत सापडतात आणि त्यात दगावतात ती मुख्यतः पाच वर्षांखालची पोरं, कारण त्यांच्या अंगात अजून प्रतिकारशक्तीच आलेली नसते. धोक्याचा काळ इतका नेमका असेल तर तेवढ्यापुरतं औषध आधीच देऊन ठेवायचं, असा हा हिशोब आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ मध्ये या पट्ट्यासाठी त्याची शिफारस केली. सिझनल मलेरिया केमोप्रिव्हेन्शन असं लांबलचक नाव, तिकडे सगळे एसएमसी म्हणतात. २०२३ मध्ये दर फेरीला सरासरी ५ कोटींहून जास्त मुलांना या गोळ्या मिळाल्या. त्यात मोठा वाटा नायजेरियाचाच.

गोळ्या दोन. एक सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन, दुसरी अमोडायाक्विन. तीन महिन्यांपासून पाच वर्षं पुरी होईपर्यंतच्या मुलांना, महिन्यातून एक फेरी, पावसाळ्यात साधारण चार फेऱ्या. फेरी तीन दिवसांची: पहिल्या दिवशी दोन्ही गोळ्या, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नुसती अमोडायाक्विन. वर्षाच्या आतल्या बाळांचं पाकीट वेगळं, त्यात मात्रा निम्मी.

आमच्याकडे दोघी यायच्या, एकीच्या खांद्याला पिशवी, दुसरीच्या हातात वही. गोळी पाण्यात विरघळणारी. छोट्या कपात थोडं पाणी घेऊन चमच्यानं ढवळायची आणि पाजायची. अमोडायाक्विन कडू असते. रखवालदाराचं शेंडेफळ पहिला चमचा सरळ बाईच्या ओढणीवर थुंकायचं. मग ती बाई त्याची आई, आजी, थोरली बहीण, सगळ्यांना कामाला लावायची. पाजून झालं की लगेच निघायचं नाही, अर्धा तास तिथेच बसायचं. तेवढ्यात पोरानं ओकलं तर पुन्हा एकदा द्यायचं. उरलेल्या दोन दिवसांच्या गोळ्या आईच्या हातात, कार्डावर खूण, दारावर खडूनं आकडे, की पुढचं घर. खरी गोम त्या आईच्या हातातल्या गोळ्यांत असायची. पहिल्या दिवशी पोर ओकलेलं पाहून पुढचे दोन दिवस गोळी चुकवणाऱ्या आया मी पाहिल्यात. रखवालदाराची बायको मात्र पक्की होती, भाकरीसारखं काही कुस्करून त्यात मिसळून द्यायची.

आता सासूबाईंचा मुद्दा. पोलिओचे थेंब तरी आपण कुठे आजारी लेकराला पाजतो? या औषधांचा अंश रक्तात सुमारे चार आठवडे टिकतो. तेवढ्यात डासानं जंतू सोडले तर ते वाढायच्या आत मरतात. मग असर उतरतो, म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा. असं नीट दिलं तर त्या काळातला मलेरिया पाऊणएक टक्क्यांनी नव्हे, पाऊण हिश्शानं कमी होतो. आणि त्यांना हेही सांगा, की ज्या पोराला ताप आहे त्याला त्या बाया गोळ्या देतच नाहीत. आधी केंद्रात पाठवतात, बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासतात, मलेरिया निघाला तर त्याचा उपचार वेगळा.

क्लोरोक्विनचं पाकीट घरीच ठेवा. तिथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपॅरम जातीचा, आणि त्याला क्लोरोक्विन केव्हाच जुमानेनासं झालंय. घरच्या घरी क्लोरोक्विन देऊन दोन दिवस वाट पाहणं म्हणजे लहान मुलाच्या बाबतीत जिवाशी खेळ. हा आजार मेंदूपर्यंत जायला वेळ लावत नाही.

तुमच्या मुलीबद्दल माझं मत असं. त्या गोळ्या वाईट नाहीत, पण त्या आखल्यात तिथेच जन्मलेल्या, तिथेच वाढणाऱ्या मुलांसाठी, लाखोंच्या संख्येनं, चार महिन्यांपुरत्या. पाऊण हिस्सा वाचला तरी पाव उरतोच. तुमची मुलगी पुण्याहून कोरी पाटी घेऊन जाणार. तिच्यासाठी प्रवाशांना देतात ते प्रतिबंधक औषध डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि ते चालू असेल तर दारात आलेल्या बाईंना त्या औषधाची चिठ्ठी नम्रपणे दाखवा. दोन्ही एकावर एक चढवू नका. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं फुकट मिळतंय म्हणून दोन्ही दिलं होतं. पोर आठवडाभर काही खाईना.

आणि जुलैत जाताय कशाला? ऐन हंगामात? नवरा जाऊ दे, घर लावू दे. तुम्ही दोघी नोव्हेंबरअखेर जा. तोवर पाऊस संपलेला असतो, डास ओसरलेले असतात. डिसेंबरपासून वाळवंटाकडून धुळीचे वारे सुरू होतात, त्यानं नाक-घसा कोरडा पडतो, ओठ फुटतात, पण ते परवडलं.

घराचं एक सांगतो. तिथे रात्री वीज जाते, जनरेटर बंद झाला की एसी बंद, मग घामाघूम होऊन माणूस खिडकी उघडतो. तिथला डास मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत घरात शिरून चावणारा. तो नेमका त्याच वेळी येतो. म्हणून एसी असला तरी पोर रोज मच्छरदाणीतच झोपवायचं, जाळीची कड गादीखाली खोचूनच. नवऱ्याला आत्ताच सांगा, घर घेताना फरशी-बाथरूमच्या आधी खिडक्यांच्या जाळ्या बघ.

मांजरीची_सून

काका, एवढं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. पोलिओच्या थेंबांपाशी त्या गप्प झाल्या, पण "बाहेरच्या बाईच्या हातचं नको" हे कायम आहे.

तिला प्रवाशांचं औषध म्हणजे कोणतं, आणि ते दोन वर्षं रोज द्यायचं? लशीचंही राहिलंच.

बालरोग_सातारारोड

मी बालरोगतज्ज्ञ आहे, पण इथे मुलीला न तपासता लिहितोय, तेव्हा हे घेऊन प्रवासी आरोग्याची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे जा. तारीख ठरली की निदान सहा आठवडे आधी.

या वयात वापरतात अशी मुख्य औषधं दोन. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा. ते निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करायचं, म्हणजे सोसतंय की नाही ते इथेच कळतं, आणि परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायचं. घरात कोणाला नव्हे, मुलीला स्वतःला कधी झटके आले असतील तर ते द्यायचं नाही. तापात झटका आला असेल तरी डॉक्टरांना आवर्जून सांगा. दुसरं अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, रोज द्यावं लागतं, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर सात दिवसांपर्यंत. मात्रा वजनावर ठरते. या वयात पोराचं वजन भरभर वाढतं, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी वजन करून मात्रा तपासून घ्या. मोठ्यांना देतात ते डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांखाली देत नाहीत. दोन वर्षं सलग द्यायचं की पावसाळ्याच्या आगेमागे, हे तिथल्या बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. कानोकरांनी सांगितलेला नोव्हेंबर यासाठीही बरा, निर्णयाला वेळ मिळतो.

लस. सासरेबुवांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आर२१/मॅट्रिक्स-एम ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठानं विकसित केली आणि ती सिरम बनवते. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. त्याआधी २०२१ मध्ये आरटीएस,एस या पहिल्या लशीची झाली होती. पाच महिन्यांपासून पुढे, चार डोस: पहिले तीन महिन्या-महिन्यानं, चौथा साधारण वर्षानं. पण ती मलेरिया जास्त असलेल्या भागातच राहणाऱ्या मुलांसाठी आहे, प्रवाशांसाठी तिची शिफारस नाही. आपल्या लसीकरणाच्या वेळापत्रकात ती नाही. शिवाय ती फाल्सिपॅरमविरुद्ध काम करते. आपल्याकडे व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या जातीचेही भरपूर रुग्ण असतात, त्यावर तिचा उपयोग नाही. नायजेरियानं ती आधी केब्बी आणि बायेल्सा या दोन राज्यांत सुरू केली. मुलगी दोन वर्षं तिथेच राहणार असल्यानं कानोत ती मिळू लागली आहे का आणि तिच्या वयात बसते का, हे पोचल्यावर जरूर विचारा. लस घेतली म्हणून मच्छरदाणी सुटत नाही.

पिवळ्या तापाची लस मात्र विसरू नका. ती अधिकृत केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. नायजेरियाहून भारतात परततानाही विमानतळावर त्या लशीचं कार्ड बघतात, नसेल तर अलग ठेवू शकतात. मुलीच्या १६ ते २४ महिन्यांतल्या लशी आता येतील. त्यातली गोवर-रुबेलाची आणि पिवळ्या तापाची, दोन्ही जिवंत लशी. एकतर एकाच दिवशी, नाहीतर मध्ये चार आठवडे, असं तुमचे डॉक्टर बसवतील. केंद्राची तारीख लवकर घेऊन ठेवा.

डास पळवायचं क्रीम दोन महिन्यांवरच्या मुलांना चालतं, पण तळहाताला लावू नका, हात तोंडात जातात.

निवृत्त_हिवताप_कर्मचारी

डॉक्टरसाहेबांनी औषधांचं सगळं सांगितलं. मी टाकीवाला माणूस. हयात पुण्यातल्या गच्च्यांवर शिडी लावण्यात गेली.

आपल्या शहरात मलेरिया पसरवणारा डास ॲनोफिलिस स्टीफेन्सी. त्याला गटार आवडत नाही. त्याला हवं स्वच्छ पाणी: गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, बांधकामावर साठवलेलं पाणी, तळघरात साचलेलं. लोक नाल्यावर धूर मारा म्हणून भांडायला येतात आणि स्वतःच्या सोसायटीच्या टाकीचं झाकण वर्षभर तुटलेलं असतं. मी टॉर्च मारून अळ्या दाखवायचो. ॲनोफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असते. गटारातल्या डासाची, क्युलेक्सची, डोकं खाली करून तिरकी लटकते. एकदा बघितलं की विसरत नाही. सोसायटीचे चेअरमन लोक मात्र दरवेळी "हे आमच्या टाकीतले नाहीत" म्हणायचे. मग कुणाच्या टाकीतले?

ताईंना हे सांगण्याचं कारण वेगळं. हाच आपला स्टीफेन्सी आता आफ्रिकेत पोचलाय. २०१२ मध्ये जिबूतीत सापडला, २०२० मध्ये नायजेरियातही. आफ्रिकेतले मूळचे डास पावसाच्या डबक्यांत वाढतात, म्हणून पाऊस गेला की कमी होतात. हा टाकीत वाढतो, त्याला पावसाची गरज नाही. म्हणजे कानोकरांनी सांगितलेला कोरडा हंगाम बराच सुरक्षित खरा, पण कंपाउंडमधल्या पाण्याच्या टाक्यांना घट्ट झाकण हवंच. तिथे पाणी साठवूनच ठेवतात. आठवड्यातून एक दिवस पिंप-बादल्या रिकाम्या करून घासून कोरड्या करायच्या. अळीचा डास व्हायला गरम हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात, त्याच्या आत पाणी ओतून टाकलं की काम झालं. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा.

इथल्या लोकांनी उगाच घाबरू नये. पुण्यात पावसाळ्यात ताप म्हटलं की आधी डेंगी-चिकुनगुन्या. २०२४ मध्ये एरंडवण्यात झिकाचेही रुग्ण सापडले. तो डास वेगळा, दिवसा चावणारा. राज्यात मलेरियाचं खरं ओझं गडचिरोलीवर, भामरागड-एटापल्लीच्या जंगलभागात. तिथे फाल्सिपॅरम आहे आणि त्याच्या बातम्या इथे कोणी वाचत नाही.

पेठेतला_एक

सोसायटीची टाकी आज वर जाऊन बघितली. झाकण आहे. त्यावर दगड ठेवलाय आणि दगडाखाली भोक आहे. अळ्या आडव्या आहेत. पुढे काय?

निवृत्त_हिवताप_कर्मचारी

महापालिकेच्या कीटक प्रतिबंधक विभागाला कळवा. ते येईपर्यंत भोकावर बारीक जाळी किंवा जाड कापड बांधा. टाकी रिकामी करून भिंती घासून घ्या, नुसतं पाणी बदलून भागत नाही. दगड काढा.

मांजरीची_सून

सगळ्यांचे आभार. घरी बैठक झाली. नवरा जूनअखेर एकटा जाणार, आम्ही दोघी नोव्हेंबरच्या शेवटी. पिवळ्या तापाच्या लशीची तारीख लवकरच घेतोय. सासूबाई क्लोरोक्विनचं पाकीट परत कपाटात ठेवून आल्या.

दोन बारीकसारीक शंका. नवऱ्याला गोळ्या हव्यातच का? तो म्हणतो, मोठ्या माणसाला काही होत नाही. आणि मच्छरदाणी इथून न्यायची की तिथे मिळते?

जुना_कानोकर

मोठ्या माणसाला काही होत नाही ते तिथेच वाढलेल्या मोठ्या माणसाला. पुण्यातून नवीन आलेला चाळीस वर्षांचा माणूस आणि तुमची मुलगी, मलेरियापुढे दोघंही नवखेच. आमच्याकडे नव्यानं आलेले इंजिनियर पहिल्या पावसाळ्यात हटकून आडवे व्हायचे, आणि त्यातला दर दुसरा "मला कुठे डास चावतो" म्हणणारा असायचा. तो तर ऐन हंगामात जातोय. त्याच्या गोळ्या जायच्या आधी सुरू झाल्या पाहिजेत.

मच्छरदाणी तिथे मिळते, औषध लावलेली, तीच घ्या. फक्त छताला टांगायची गोल शंकूसारखी घेऊ नका, चौकोनी घ्या. गोल जाळीत झोपेत पोराचा हात-पाय जाळीला टेकतो आणि डास बाहेरूनच चावतो. चार कोपऱ्यांना बांधायला पलंगाला दांड्या लागतील, त्या नवऱ्याला कारखान्यातच वेल्ड करून घ्यायला सांगा, मेंटेनन्सचा माणूस आहे. दांड्या गादीपासून चांगल्या उंच ठेवा, मुलगी उभी राहायला लागली की जाळी ओढते.

आणि परत आल्यावर, सुट्टीवर आलात तरी, मुलीला किंवा कोणालाही ताप आला तर दवाखान्यात शिरल्या शिरल्या "नायजेरियाहून आलोय" हे आधी सांगा. परतल्यानंतर कित्येक महिन्यांनीही. इथे पावसाळ्यात डेंगीची तपासणी करून मोकळे होतात, मलेरियाची मागून घ्यावी लागते.